शहरातील कॅसिनोत प्रथमच समोरासमोर पोकर खेळताना काय ठाऊक असावे?

चौकटअठ्ठी

नमस्कार मंडळी.

गेली काही वर्षे मी आंतरजालावर नो-लिमिट टेक्सास होल्डेम (दोन पाने हाती आणि पाच टेबलावर सामाईक असा पोकरचा प्रकार) खेळतो आहे. ब्लाइंड (पाने पाहण्याआधी दोन खेळाडूंनी भरायच्या सक्तीच्या रकमा) लहानच असतात, पण खेळतो मन लावून, खेळून झाल्यावर महत्त्वाच्या डावांची टिपणे काढतो, आणि कोणत्या जागेवरून कोणती पाने खेळावीत याची बऱ्यापैकी समज आली आहे असे वाटते. आता शहरातल्या कॅसिनोच्या पोकर-दालनात जाऊन प्रत्यक्ष टेबलावर बसायचे ठरवले आहे. खेळाचे नियम ठाऊक आहेत, अडचण निराळी आहे. पडद्यावर माझी पाळी आली की बटणे उजळतात, रक्कम आपोआप मोजली जाते, आणि पाळी नसताना मनात आले तरी मला काही करता येत नाही. तिथे हे सारे माझे मलाच सांभाळावे लागणार, आणि माझ्या अजाणतेपणामुळे इतरांच्या डावात व्यत्यय यावा अशी माझी मुळीच इच्छा नाही.

जागा कशी मिळते, चिप्स पुढे करताना कोणती काळजी घ्यावी आणि सोबत किती पैसे न्यावेत, हे अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगितल्यास आभारी राहीन. संगणकावर कमावलेली समज तिथे कितपत उपयोगी पडते, हेही जाणून घ्यायला आवडेल.

पिसलेलीपाने

जागेचे आधी सांगतो, कारण ते सर्वांत सोपे आहे. वयाचा पुरावा म्हणून ओळखपत्र जवळ ठेवा. पोकर-दालनाच्या तोंडाशी एक मेज असते. तिथे कोणता खेळ, किती ब्लाइंडचा, हे सांगून प्रतीक्षायादीत नाव द्यायचे. नाव पुकारले गेले की दालनातला कर्मचारी टेबल आणि खुर्चीचा क्रमांक सांगतो. चिप्स काही ठिकाणी खिडकीवर घ्याव्या लागतात, तर काही ठिकाणी टेबलावरच मिळतात. नाव देतानाच हे विचारून घ्यावे आणि त्याच वेळी किमान व कमाल बाय-इन (बसताना घ्यायच्या चिप्सची रक्कम) किती, रेक (कॅसिनोचा वाटा) कसा कापला जातो, हेही विचारावे. हे प्रश्न तिथे रोज विचारले जातात, त्यामुळे संकोचाचे कारण नाही.

बसल्याबरोबर पाने मिळतीलच असे नाही. बहुतेक ठिकाणी नव्या खेळाडूला दोन पर्याय असतात: बिग ब्लाइंडइतकी (दोन ब्लाइंडांपैकी मोठ्याइतकी) रक्कम भरून लगेच डावात शिरायचे, किंवा बिग ब्लाइंड फिरत आपल्यापाशी येईपर्यंत थांबायचे. मी नव्या माणसाला थांबण्याचाच सल्ला देईन. त्या काही डावांत डीलर कोणत्या वेगाने पाने वाटतो, खेळाडू पाळी कशी दर्शवतात, कोण बोलून रेज करतो (पैज वाढवतो) आणि कोण नुसत्या चिप्स सरकवतो, हे डोळ्यांखालून जाते आणि हातही स्थिरावतो.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. टेबलावर डावाच्या सुरुवातीला जितक्या चिप्स आहेत तितक्याच त्या डावात खेळतात. डाव चालू असताना खिशातून भर घालता येत नाही, आणि जिंकलेल्यातला काही भाग उचलून खिशात टाकून उरलेल्यावर खेळत राहण्यासही मनाई असते. मोठ्या मूल्याच्या चिप्स इतरांना दिसतील अशा पुढे ठेवायच्या, कारण तुमच्यापुढे किती आहे हे जाणण्याचा समोरच्याला हक्क आहे.

इस्पिकराणी

तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा चिप्स पुढे करण्याचा आहे, तेव्हा त्यावर जरा विस्ताराने लिहिते.

समजा ब्लाइंड १ आणि २ आहेत, तुमच्या हाती राजा-राणी आहे आणि तुम्हाला ५ पर्यंत रेज करायचे आहे. तुम्ही काही न बोलता ५ ची एक चिप पुढे ठेवलीत, तर तो रेज धरला जात नाही. समोर आधीच पैज असताना एकच मोठी चिप मुकाट्याने टाकली, तर तिचा अर्थ कॉल (समोरच्या पैजेइतकीच रक्कम भरणे) असाच घेतला जातो, आणि डीलर तुम्हाला ३ परत करतो. तीच चिप ठेवण्यापूर्वी ‘रेज’ म्हटले असते, तर तिचे पूर्ण मूल्य मोजले गेले असते. मात्र फ्लॉपनंतर (पहिली तीन सामाईक पाने उघडल्यावर) अजून कोणी पैज लावलेली नसेल, तर तीच एक चिप पूर्ण ५ ची पैज ठरते. एकाच कृतीचा अर्थ प्रसंगानुसार असा बदलतो, म्हणून माझा आग्रह आहे की सुरुवातीचे बरेच दिवस तुम्ही आधी तोंडाने बोलावे आणि मगच हात हलवावा: ‘कॉल’, ‘रेज, १५’, ‘फोल्ड’ (पाने टाकून डाव सोडणे). आपल्या पाळीला उच्चारलेला शब्द बंधनकारक असतो, आणि तो चिप्सच्या आधी आला तर वादाला जागाच उरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे तुकड्यातुकड्याने चिप्स पुढे करणे. कॉलपुरत्या चिप्स ठेवायच्या, मग हात मागे नेऊन आणखी आणायच्या, याला स्ट्रिंग बेट म्हणतात आणि असा रेज मान्य होत नाही. पहिल्या हालचालीत जे पुढे गेले तेवढेच ग्राह्य. त्यामागचे कारण योग्यच आहे: कॉल झाला असे समजून समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पाहून नंतर रेज करायचा, हा उघड अन्याय होईल. ‘तुमचे वीस, आणि वर माझे वीस’ असे वाक्यही चालत नाही. पहिल्या अर्ध्या भागाने कॉल झालेला असतो. रक्कम आधी जाहीर केली असेल तर मात्र चिप्स मोजत सावकाश पुढे केल्या तरी हरकत नसते.

रेज किमान किती असावा, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आधीच्या रेजने पैज जितकी वाढवली, निदान तितकीच वाढ तुम्हालाही करावी लागते. पडद्यावर यंत्र चुकीची रक्कम स्वीकारतच नाही, इथे ती स्वीकारली जाते आणि मग निर्णय लागतो. बऱ्याच दालनांत असा नियम असतो की, न बोलता ठेवलेल्या अनेक चिप्स किमान रेजच्या निम्म्या किंवा त्याहून अधिक भरल्या, तर रेज पूर्ण करावा लागतो, आणि निम्म्याहून कमी भरल्या तर तो कॉल धरतात.

चेक करताना (पैज न लावता पाळी पुढे देताना) टेबलावर बोटांनी हलकेच टकटक करतात. त्यामुळे विचार करताना बोटांनी टेबलावर ताल धरण्याची सवय असेल, तर ती आवरा. ती हालचाल चेक समजली जाऊन पाळी पुढे जाऊ शकते. चिप्स पॉटच्या (डावात जमलेल्या रकमेच्या) ढिगात फेकायच्या नाहीत, आपल्यापुढे नीट रचून ठेवायच्या, म्हणजे डीलरला त्या मोजता येतात. आणि पाळीआधी काहीही करायचे नाही, अगदी फोल्डसुद्धा नाही. तुमच्या उजवीकडचा खेळाडू पैज लावावी की नाही अशा विचारात असताना तुम्ही पाने टाकलीत, तर आपल्यामागे एक माणूस कमी झाला हे त्याला फुकट कळते, आणि त्याची किंमत तिसराच कोणी मोजतो.

पाने बघताना ती उचलून छातीशी धरू नका. दोन्ही तळव्यांची आडोशासारखी ओंजळ करा, अंगठ्याने पानांचे जवळचे कोपरे जरासे वर करा, एकदाच नीट पाहा आणि पाने टेबलावरच राहू द्या. मग त्यांवर एखादी चिप ठेवा. ही चिप शोभेसाठी नसते. पानांवर असे काही ठेवलेले नसले आणि शेजाऱ्याची टाकलेली पाने येऊन त्यांना चिकटली, किंवा डीलरने ती टाकलेली समजून ओढून घेतली, तर तुमचा डाव बहुधा तिथेच संपतो. विशेषतः डीलरच्या लगतच्या दोन खुर्च्यांवर बसणाऱ्याने हे जपावे.

शेवटचेपान

पैशांविषयी आणि संगणकावरच्या समजेविषयी लिहितो, कारण हे दोन्ही विषय एकमेकांत गुंतलेले आहेत.

समोरासमोरच्या खेळाचा वेग फार कमी असतो. डीलर हाताने पाने पिसतो, वाटतो, पॉट मोजतो. तासाला साधारण पंचवीस ते तीस डाव होतात. संगणकावर एकाच टेबलावर याच्या दुपटीहून अधिक होतात, आणि तुम्ही एका वेळी अनेक टेबले खेळत असाल तर फरक कितीतरी वाढतो. हातात दोन एक्के सरासरी २२१ डावांतून एकदा येतात. तासाला ३० डाव धरले, तर ते सात तासांहून जास्त वेळाने एकदा दिसतील. कोणतीही जोडी १७ डावांतून एकदा येते, आणि जोडी असताना फ्लॉपवर तिसरे जुळण्याची शक्यता १२ टक्क्यांच्या आत आहे. दोन्हींचा गुणाकार केल्यास, प्रत्येक जोडीवर फ्लॉप पाहिलात तरी असे तिसरे पान साधारण पाच तासांतून एकदा लागेल. संगणकावरून आलेल्या खेळाडूला हा संथपणा सर्वांत जड जातो. दीड तास काही हाती लागले नाही की एक्का-सत्ती खेळण्याजोगी दिसू लागते, आणि पैसे तिथेच निसटतात. तुमची समज खोटी ठरत नाही, तिला धीर धरायची सवय लावावी लागते.

आता रेक. पॉटमधून ठरावीक टक्के, एका कमाल मर्यादेपर्यंत, डीलर काढून घेतो. बऱ्याच ठिकाणी फ्लॉपच पडला नाही तर काही कापत नाहीत. मोठ्या ब्लाइंडच्या टेबलांवर कधी कधी पॉटऐवजी वेळेनुसार आकार घेतात. समजा नऊ खेळाडूंच्या टेबलावर दर डावाला सरासरी दीड बिग ब्लाइंड जातो. तासाला ३० डाव, म्हणजे ४५ बिग ब्लाइंड टेबलावरून कायमचे नाहीसे होतात. डोईवर पाच आले. पाच तास बसलात तर पंचवीस, म्हणजे शंभर बिग ब्लाइंडच्या बाय-इनचा चौथा हिस्सा. इतरांपेक्षा जेमतेम बरा खेळणारा माणूस याच कारणाने शेवटी तोट्यात असतो. म्हणून रेकची टक्केवारी आणि मर्यादा आधी विचारा, आणि दोन टेबलांतून निवड करता येत असेल तर जिथे पुष्कळ जण फ्लॉप पाहायला येतात ते टेबल निवडा.

किती पैसे न्यावेत? पूर्ण गमावले तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही एवढेच, आणि तेही रोख, ठरवून वेगळे काढलेले. पाच तासांत दीडशेच्या आसपास डाव होतात. एवढ्या थोड्या डावांत उत्तम खेळूनही शंभर बिग ब्लाइंड खाली जाणे अगदी सामान्य आहे. तेव्हा दोन बाय-इन न्यावेत आणि दुसरा संपला की उठावे. अधिक पैसे मिळवण्याचे कोणतेही साधन, कार्ड असो वा मित्राकडून उसने, त्या दिवशी वापरायचे नाही असे निघण्यापूर्वीच ठरवा, कारण हरत असताना घेतलेला निर्णय क्वचितच शहाणपणाचा असतो.

पहिल्या वेळी शंभरऐवजी चाळीस बिग ब्लाइंडनेच, म्हणजे दालनात चालत असेल तर किमान बाय-इननेच, बसावे असे माझे मत आहे. निर्णय सोपे होतात.

इस्पिकराणी

शेवटच्या मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. चाळीस बिग ब्लाइंडने खेळणे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे: लहान जोड्या आणि एकाच चिन्हाची लागोपाठची पाने तिथे आपली किंमत गमावतात. प्रश्नकर्त्याने टिपणे काढली आहेत ती बहुधा शंभर बिग ब्लाइंडच्या खेळाची. जितक्या चिप्सनी खेळायची सवय आहे तितक्याच ठेवाव्यात, आणि पूर्ण बाय-इन जड वाटत असेल तर लहान ब्लाइंडचे टेबल घ्यावे. रेकबद्दल मात्र तुम्ही लिहिलेले शब्दशः पटले.

संगणकावरून येणाऱ्याने बिचकण्याचे कारण नाही, हेही नमूद करते. २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत ८३९ खेळाडूंमधून पहिला आलेला ख्रिस मनीमेकर आंतरजालावरच्या पात्रता-स्पर्धेतून तिथे पोहोचला होता, आणि समोरासमोरची ती त्याची पहिलीच स्पर्धा होती. असे यश क्वचितच कोणाला मिळते हे खरे, पण डावाची समज पडद्यापुरती मर्यादित नसते, एवढे त्यावरून नक्की कळते.

चौकटअठ्ठी

सर्वांचे मनापासून आभार. मी शंभर बिग ब्लाइंडनेच, पण तिथल्या सर्वांत लहान टेबलावर बसेन. एक शंका उरली आहे. रिव्हरनंतर (शेवटच्या सामाईक पानानंतर) पाने कोणी आधी दाखवायची, आणि माझा डाव जिंकला की हरला हे मला चटकन उमगले नाही तर काय करावे?

पिसलेलीपाने

रिव्हरवर ज्याने शेवटची पैज लावली किंवा रेज केला, तो आधी दाखवतो. सर्वांनी चेक केले असेल, तर डीलर बटणाच्या (दर डावाला पुढे सरकणाऱ्या चकतीच्या) डावीकडचा डावात असलेला पहिला खेळाडू. पण जिंकल्याची खात्री असेल तर क्रमाची वाट पाहत बसू नये, लगेच दाखवावे. समोरच्याला ताटकळत ठेवून मग सरस पाने उघडणे सर्वांनाच खटकते.

उमगले नाही, तर दोन्ही पाने टेबलावर उघडी ठेवायची आणि हात काढून घ्यायचा. तोंडाने काय म्हटले याला महत्त्व नाही. उघड्या पानांवरून डीलर निकाल लावतो, आणि तुम्ही ‘माझी एकच जोडी’ म्हणालात पण प्रत्यक्षात पाच बदाम जुळले असतील, तर पॉट तुमचाच. एकच पान दाखवू नका, पॉटवर हक्क सांगायला दोन्ही लागतात. समोरच्याने ‘माझा फ्लश’ (एकाच चिन्हाची पाच पाने) असे नुसते म्हटले म्हणून आपली पाने टाकूही नका. त्याची पाने प्रत्यक्ष उघडी पडेपर्यंत आपली धरून ठेवा, आणि पॉट तुमच्याकडे सरकवला जाईपर्यंत ती डीलरच्या हाती देऊ नका. टाकलेल्या पानांच्या ढिगात गेलेली पाने बहुतेक वेळा बाद धरली जातात.

काही वादग्रस्त झालेच, तर खेळाडूंशी वाद घालू नये. डीलरला फ्लोअरच्या (दालनावर देखरेख करणाऱ्या) अधिकाऱ्याला बोलवायला सांगावे, आणि तो येईपर्यंत पाने, चिप्स, पॉट, सारे जिथल्या तिथे राहू द्यावे.