मल्ल्याची एवढी बदनामी झाली नसती, तर खटला असाच चालला असता का?

विधी_तिसरं_वर्ष (पुणे): मूट कोर्टसाठी (विधी विद्यार्थ्यांचा सरावाचा खटला) विजय मल्ल्याच्या प्रत्यार्पणाचा निकाल वाचतेय. बचाव पक्षाचं म्हणणं होतं, की राजकारणी आणि वाहिन्यांनी त्याला आधीच चोर ठरवलंय, भारतात त्याला न्याय मिळायचा नाही. लंडनच्या वेस्टमिन्स्टर कोर्टाच्या न्यायाधीश एमा आर्बथनॉट यांनी डिसेंबर २०१८ मध्ये हे फेटाळलं. कागदावर ठीक आहे. पण नाव एवढं गाजलं नसतं, तर तपास यंत्रणा अशा हात धुऊन मागे लागल्या असत्या का?

निवृत्त_कर्जविभाग (डोंबिवली): उभी हयात सरकारी बँकेत कर्जाच्या फायली हलवण्यात गेली, म्हणून लिहितो.

नाव गाजलं त्याचा पहिला परिणाम खटल्यावर नाही, कर्जावर झाला. २००९ मध्ये मल्ल्याची किंगफिशर एअरलाइन्स तोट्यात होती, तरी आयडीबीआय बँकेनं दोनेक महिन्यांत सुमारे ९०० कोटी मंजूर केले. तारणात चक्क ‘किंगफिशर’ हे नाव! त्याचं मूल्यांकन एके काळी चार हजार कोटींच्या वर होतं. आमच्याकडे वडापावच्या गाडीवाल्याला पन्नास हजार द्यायचे तर दोन जामीनदार लागत. एप्रिल २०१६ मध्ये बँकांनी ते नाव लिलावात काढलं, राखीव किंमत ३६६ कोटी ७० लाख. एकही बोली आली नाही. विलेपार्ल्याच्या किंगफिशर हाउसचे लिलावही असेच एकामागून एक फसले.

आर्बथनॉटबाईंनीही निकालात बँकवाल्यांना टोला हाणलाय. अंगरक्षकांच्या गराड्यातल्या या झगमगाटी माणसापुढे ते भुलले असावेत, अशा अर्थाचं. तो परिच्छेद वाचताना मला आमच्या जमातीची लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

आता मागे लागण्याबद्दल. विनसम डायमंड्सचे जतिन मेहता आठवतात? बँकांचे साधारण ६,८०० कोटी थकले आणि गृहस्थ सेंट किट्सचे नागरिक झाले. एफआयआर त्यांच्यावरही आहेत. पण मल्ल्यासारखी त्यांची कॅलेंडरं नव्हती, क्रिकेटचा संघ नव्हता, त्यामुळे चहाच्या टपरीवर त्यांचं नाव कोणी घेत नाही. तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हेच.

सत्र_न्यायालय_वकील: कायद्याच्या बाजूनं थोडी भर. आपल्याकडे आता ज्यूरी, म्हणजे सामान्य नागरिकांचं पंचमंडळ, नाही. नौदल अधिकारी नानावटींच्या खून खटल्यात ज्यूरीनं ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष सोडलं होतं, ते उच्च न्यायालयानं फिरवलं. त्यामुळे पेपरातली बोंबाबोंब थेट निकालात शिरणं अवघड. ती शिरते जामिनात. आर्थिक गुन्हे हा वेगळाच वर्ग, जामिनाचा विचारही वेगळा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये जगनमोहन रेड्डींच्या जामीन प्रकरणात म्हटलं. त्यात आरोपी रोज टीव्हीवर असेल, तर सरकारी वकील ‘समाजात काय संदेश जाईल’ हे वाक्य हमखास टाकतात.

कांदोळीकर: बदनामीची एवढी ताकद होती, तर पळाला कसा? डिसेंबर २०१५ मध्ये गोव्यात आमच्या गावात मल्ल्याच्या साठीची दणक्यात पार्टी झाली आणि २ मार्च २०१६ ला साहेब दिल्लीहून लंडनला!

निवृत्त_कर्जविभाग (डोंबिवली): कांदोळीकर, बरोबर बोललात. सीबीआयची लुकआउट नोटीस आधी ‘दिसल्यास अडवा’ अशी होती, नोव्हेंबर २०१५ मध्ये ती ‘दिसल्यास कळवा’ अशी सौम्य केली. खरा गदारोळ झाला तो माणूस गेल्यावर.

विधी_तिसरं_वर्ष (पुणे): मग वसुलीचं काय काका? कर्जवसुली न्यायाधिकरणानं थकबाकी ६,२०३ कोटी ठरवली होती, आणि १४,१३१ कोटी बँकांना परत मिळाल्याचं अर्थमंत्र्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत सांगितलं. दुपटीहून जास्त! ही बदनामीची किंमत नाही का?

निवृत्त_कर्जविभाग (डोंबिवली): ६,२०३ कोटींवर साडेअकरा टक्के व्याज आहे, ते धरा. त्याचा हिशेब मागायचा मल्ल्याला हक्क आहेच. पण पैसे वसूल झाले म्हणून फसवणुकीचा गुन्हा मिटत नाही. दोन फायली वेगळ्या ठेवा, मूटमध्ये समोरचा पक्ष नेमका तिथेच पकडेल.