स्वतःचीच चरबी, मग 'साइड इफेक्ट शून्य'?

रानजाई (नेरूळ)
काल कस्तुरीचा फॅट ट्रान्सफरवरचा, म्हणजे अंगातलीच चरबी काढून छातीत भरण्यावरचा धागा वाचला. पोट जातं, छाती भरते, बाहेरचं काही अंगात नाही, साइड इफेक्ट शून्य, तीन दिवसांत ऑफिस. खाली प्रतिसादांत 'क्लिनिकचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा'ची रांग. तिथेच लिहायला घेतलं होतं, पण लांबलं म्हणून वेगळा धागा.

आधीच सांगते, मी नाकं मुरडणारी नाही. धाकट्याचं दूध सुटल्यावर, ३८व्या वर्षी मी स्वतः करून घेतलंय. छातीला फारसं दुखलं नाही. दुखल्या त्या मांड्या, जिथून चरबी ओढली. दोन्ही बाजू पिकल्या जांभळासारख्या. पहिल्या दोन रात्री टाक्यांतून गुलाबी पाणी गळत होतं, माळ्यावरून धाकट्याचं रबरशीट काढून त्यावर झोपले. नेरूळचा मे महिना आणि अंगाला तो घट्ट बेल्ट. घामोळ्यांचं विचारू नका.

पहिल्या महिन्यात आरशासमोरून हलवेना. ती सूज होती. चौथ्या महिन्यात खरा हिशेब कळला. भरलेली चरबी सगळी तगत नाही, निम्मी ते फार तर सत्तर टक्के राहते. प्रत्येक कणाला आजूबाजूने रक्त मिळायला लागतं. म्हणून बारीक नळीने थेंबाथेंबाने, वेगवेगळ्या थरांत सोडतात. एका जागी गोळा पडला की मधला भाग उपाशी मरतो, त्याची तेलाची पिशवी होते किंवा कडक गाठ.

माझी झाली. आठव्या महिन्यात, आंघोळ करताना, वाटाण्याएवढी. सोनोग्राफी, मॅमोग्राफी, मग बायोप्सी. रिपोर्ट येईपर्यंत मी पोरांचे डबे भरत होते आणि कशात मीठ घातलंय ते आठवत नव्हतं. मेलेली चरबी निघाली, बाकी काही नाही. पश्चात्ताप नाही. पण 'शून्य' म्हणू नका, एवढंच.

पाचपाखाडीकर
देवाने दिलंय त्यात समाधान नाही म्हटल्यावर हेच होणार. आमच्या आयांनी कधी असले चोचले केले नाहीत.

चहाटळ
@पाचपाखाडीकर, गेल्या दिवाळीत 'हेअर ट्रान्सप्लांट : डोक्याच्या मागचे केस पुढे' हा धागा कोणाचा होता? केस मागून पुढे आणले तर चालतात, चरबी खालून वर आणली की चोचले.

पाचपाखाडीकर
तो वैद्यकीय प्रश्न होता.

चहाटळ
टक्कल?

कस्तुरी (घोडबंदर)
माझं नाव घेऊन धागा काढलात, तर उत्तर ऐका. माझं कुठलंही क्लिनिक नाही, कमिशन नाही. मी छातीत बसवायच्या सिलिकॉनच्या इम्प्लांटशी तुलना करत होते. २०१९च्या जुलैत अ‍ॅलरगनला खडबडीत पृष्ठभागाचे इम्प्लांट जगभरातून परत मागवावे लागले, एका प्रकारच्या लिम्फोमामुळे, म्हणजे कॅन्सरमुळे. चरबीत ती भानगड नाही. गाठींची कॅन्सरशी गल्लत होईल या भीतीने अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेनेच १९८७ मध्ये छातीत चरबी भरायला विरोध केला होता आणि २००९ मध्ये तीच संघटना मवाळ झाली. का? अनुभवी रेडिओलॉजिस्टला तेलाची पिशवी बहुतेक वेळा ओळखता येते. तुम्हाला एक गाठ झाली म्हणून चाळीसजणींना घाबरवायचं?

रानजाई
'बहुतेक वेळा'. हा शब्द तुझ्या धाग्यात कुठे होता?

सीवूड्सची सून
मॅमोग्राफी आधी करून ठेवावी, नंतर तुलनेला लागते. आणि फक्त एखादा कप वाढतो, जास्तीची आशा नको. पुढे वजन उतरलं तर तिथलंही उतरतं.

पण मला वेगळंच बोलायचंय. मी चौकशीला गेले तिथे पैशांआधी विचारलं, 'मिस्टर आलेत का? फॉर्मवर त्यांची सही लागेल.' सख्खी बहीण शेजारी बसली होती, ती चालेना. माझं वय ४१, ईएमआय मी भरते.

रानजाई
काय?! मला नाही विचारलं.

ओटी सिस्टर
इतकं काय त्यात. नातेवाइकाची सही सगळ्यांचीच घेतो, पुरुषांचीही. उद्या काही झालं की तोच नवरा दहा माणसं घेऊन काच फोडायला येतो. मार आम्ही खातो.

सीवूड्सची सून
सोबत कोण आहे म्हणून सही घ्या ना, बहिणीची घ्या. परवानगी म्हणून नवऱ्याचीच कशाला? ह्यांच्या हर्नियाला माझ्या दिराची सही चालली होती.

चहाटळ
२००८चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा. दिल्लीची बाई तपासणीसाठी बेशुद्ध असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईला विचारून तिचं गर्भाशय काढलं. कोर्ट म्हणालं, सज्ञान बाईची संमती तिचीच, आईचीही चालत नाही. मग नवऱ्याची कुठून?

ओटी सिस्टर
आणि भरपाई किती मिळाली? २५ हजार. निकाल वाचणारे रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत उभे नसतात.

पाचपाखाडीकर
नवऱ्याला सांगायलाच नको असं म्हणताय का? संसार आहे की पेइंग गेस्ट?

सीवूड्सची सून
सांगणं वेगळं, सही मागणं वेगळं. केस लावताना वहिनींची सही आणली होतीत?

पाचपाखाडीकर
…तिला बिल आल्यावर कळलं.

ओटी सिस्टर
हा हा. बरं, तेवढं मान्य. आमच्या फॉर्मवर 'पती/पालक' छापलंय, त्यातला 'पालक' मलाही खटकतो. पण सोबत कोणीतरी हवंच. भूल उतरल्यावर बाईला एकटी रिक्षात बसवून मी पाठवणार नाही.

मोगरा_खारघर
मूळ विषयावर येते. माझ्या बहिणीचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं, एका बाजूला खड्डा राहिला. रेडिएशननंतर त्यात हीच चरबी भरली, दोन वेळा, कारण पहिल्यांदाची अर्धी जिरली. तिच्या पॉलिसीत ते बसलं, हौसेचं बसत नाही. आता ती ब्लाउजमध्ये रुमाल न कोंबता लग्नाला जाते. उगाच सरसकट 'चोचले' म्हणू नये.

पाचपाखाडीकर
कॅन्सरचं मी बोललोच नव्हतो. तो शब्द मागे.

कस्तुरी (घोडबंदर)
ठीक आहे. 'शून्य' काढते, 'कमी' लिहिते. गाठीचं आणि मॅमोग्राफीचं पण टाकते. 'तीन दिवसांत ऑफिस' मात्र ठेवणार, कारण मी खरंच गेले होते.

रानजाई
बेल्ट घालून, सकाळच्या ठाणे-वाशी लोकलने?

कस्तुरी (घोडबंदर)
घरून. पण कॅमेरा चालू होता.