कलम रद्द झालं, पण पोलीस ठाण्यापर्यंत पोचलं का?

ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकूर टाकणाऱ्याला शिक्षा देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ कलम २०१५ साली सुप्रीम कोर्टाने रद्द केलं, तिथेच विषय संपला, असं अनेकांना वाटतं. दुर्दैवाने तसं झालं नाही.

२०१२ मध्ये पालघरला मुंबई बंदवर फेसबुकवर लिहिणाऱ्या मुलीला अटक झाली, आणि नुसतं लाइक करणाऱ्या तिच्या मैत्रिणीलाही! त्यातूनच या कलमाला आव्हान देणारा श्रेया सिंघल खटला उभा राहिला. कलमातले 'त्रास', 'गैरसोय' असे शब्द इतके मोघम आहेत की कुणालाही आत टाकता येईल, हे कोर्टाने मान्य केलं. चर्चा करणं, बाजू मांडणं आणि चिथावणी देणं यांत निकालाने केलेला फरक मला फार मोलाचा वाटतो.

पण छापील कायद्यात कलम तसंच राहिलं, रद्द झाल्याची नोंद तेवढी तळटिपेत. ठाण्यांत गुन्हे दाखल होतच राहिले. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश लळित यांच्या पीठाला सगळ्या राज्यांना बजावावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. निर्दोष माणसाने तोवर तारखांना खेटे घालायचे, हा अन्यायच आहे.

एफआयआरमध्ये हे कलम दिसलं तर वकिलांमार्फत तो आदेश लगेच दाखवा. सोबत इतर कलमं असतील तर ती मात्र वेगळी लढावी लागतात.