पैठणी, रांगोळी, तबला एकाच दालनात: नातं खरं की ओढूनताणून?

ठिपक्यांची_लेक
रविवारी आईला घेऊन मुंबईत काळा घोड्याला एक प्रदर्शन बघून आले. विषय होता नक्षी आणि पुनरावृत्ती. भिंतीवर जुन्या पैठणीचा पदर, शेजारी बारीक समांतर रेघांची चित्रं, पुढे तबल्याची एक तिहाई (तोच तुकडा तीनदा वाजवायचा) मोठ्या कागदावर लिहिलेली आणि जमिनीवर ठिपक्यांची रांगोळी. माहितीफलक फक्त इंग्रजीत, तोही गुडघ्याच्या उंचीवर. मथितार्थ असा की हे सगळं मुळात एकच.

मला पटलंही, पाचेक मिनिटं. मग आई पदरापाशी जाऊन म्हणाली, "उलटी बाजू कुठाय?" पदर भिंतीला सपाट ठोकलेला. रखवालदार म्हणाला, काकू, हात नका लावू. मग ही उकिडवी बसून रांगोळीचे ठिपके मोजायला लागली. ११ ते ६, मधले ठिपके (मधली ओळ ११ ची, वर-खाली एकेक कमी करत ६), म्हणजे ९१ हवेत. ९० भरले. परत मोजले, परत ९०. "एक खाल्लाय यांनी," असा निकाल देऊन उठली.

तर प्रश्न असा: या गोष्टींचं आपसात खरंच काही नातं आहे, की दिसायला सारख्या म्हणून शेजारी मांडल्या? तसं तर टाइल्सच्या दुकानातही सगळं सारखंच दिसतं.

तिल्लीवाला, येवला
आधी आईंना नमस्कार सांगा. आमच्याकडे जाणकार गिऱ्हाईक पदर उलटा करूनच बघतं. हातमागाच्या पैठणीत रंग बदलतो तिथे दोन धागे एकमेकांत अडकवून मागे फिरवतात. प्रत्येक रंगाची तिल्ली, म्हणजे धाग्याची छोटी कांडी, वेगळी. म्हणून मोर दोन्हीकडून सारखा दिसतो. जॅकार्ड मागावर विणलेला असेल तर मागे धागे लोंबतात, नाहीतर कापलेले असतात. समोरून मोर तोच, पण काम निराळं. ती बाजू भिंतीकडे केली म्हटल्यावर बघायचं काय उरलं?

जॅकार्डला मी नावं ठेवत नाही हं. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये निघालेला तो माग डोकेबाज आहे. त्याला लावलेल्या पुठ्ठ्याला भोक असेल तिथला ताण्याचा (उभा) धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. अख्खी नक्षी आधी भोकांत लिहायची, मग विणायची. तिहाईशेजारी तो पुठ्ठा टांगला असता तर मला जास्त पटलं असतं.

तिरकिट
तिहाई कागदावर बघून काय कळणार? हाताने टाळी देऊन बघा. "तिटकत गदिगन धा" हा तीन मात्रांचा तुकडा. सोळा मात्रांच्या तीनतालात नवव्या मात्रेला, म्हणजे खालीपासून सुरू करा आणि न थांबता तीनदा म्हणा. पहिला धा अकराव्या मात्रेवर, दुसरा चौदाव्या, तिसरा बरोबर समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. दहाव्या मात्रेपासून सुरू केलंत तर तोच धा समेच्या पुढे जाऊन आपटतो, आणि साथीला बसलेला माणूस तुमच्याकडे बघतो. (ती नजर मी खाल्लेली आहे.)

म्हणून मला तुमच्या आईंचा ठिपका महत्त्वाचा वाटतो. एक गाळला की रेघेला वळायला जागाच राहत नाही. तबल्याचं रांगोळीशी नातं असलंच तर या हिशेबाचं आहे. दिसण्याशी त्याचा काय संबंध?

किहीमची_वाट
रेघांची चित्रं कुणाची ते तुम्ही लिहिलं नाहीत. पण त्या वळणाचं बघायचं तर चित्रकार नसरीन मोहमदी. २०१६ मध्ये न्यूयॉर्कला मेट ब्रॉयर हे संग्रहालय उघडलं तेव्हा सुरुवातीलाच त्यांचं प्रदर्शन होतं, तेव्हा पाहिली. लांबून कागद जवळजवळ कोराच वाटतो. नाक लावलं की पेन्सिल आणि शाईच्या रेघा दिसतात, कुठे दाट होत गेलेल्या, कुठे विरळ. बहुतेक चित्रांना ना नाव, ना तारीख. बडोद्याला शिकवायच्या, १९९० मध्ये अलिबागजवळच्या आपल्या किहीमलाच वारल्या. मागावर ताणलेल्या धाग्यांचे फोटोही त्यांनी काढलेत, त्यामुळे विणकामाशी नातं जोडलं तर मी हरकत घेणार नाही. तबल्याचं माहीत नाही बुवा.

ठिपक्यांची_लेक
सगळ्यांचे आभार. आईला वाचून दाखवलं. तिने तिहाई तीनदा करून बघितली, तिन्ही वेळा सम चुकली, आणि दोष माझ्या टाळीला दिला.

येत्या रविवारी परत जायचं म्हणतेय ती. पर्समध्ये रांगोळीची पुडी ठेवलीय. मी काही बघितलेलं नाही.