प्रतिसाद: ती पिशवी अंड्यांची असावी

वायंगणाच्या (उन्हाळी भाताच्या) शेतात सापडलेल्या तपकिरी पाणभुंगेऱ्याच्या पोटाखालची पांढुरकी पिशवी परजीवीची असावी, असे आधीच्या नोंदीत म्हटले आहे. मला तो भुंगेरा म्हणजे हेलोकॅरिस या पाणभुंगेऱ्यांच्या प्रजातीची मादी वाटते. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ मल्सां यांनी १८४४ मध्ये नाव दिलेल्या या प्रजातीतील मादी रेशमी धाग्यांच्या पिशवीत अंडी घालते आणि अळ्या बाहेर पडेपर्यंत ती मागच्या पायांच्या आधाराने पोटाखाली वागवते.

बरणीत ठेवून पाहावे (आणि मग शेतातच सोडावे): श्वासासाठी हा भुंगेरा डोके वर काढून शृंगिकेने (डोक्यावरच्या मिशीने) पाण्याचा पडदा फोडतो, हवेचा रुपेरी थर पोटाशी धरतो आणि पोहताना पाय आळीपाळीने हलवतो, शिकारी पाणभुंगेरे मात्र शेपटाकडूनच वर येतात. प्रौढ बहुधा कुजका पालापाचोळा खातात, त्यामुळे भातरोपांची चिंता नको.