वॉरंटी संपल्यावर वेगवान आलिशान सेडान ठेवावी की विकावी?

अकोटेकर
माझ्याकडे २०२२ साली घेतलेली बीएमडब्ल्यू एम३४०आय आहे. तीन लिटरचे, एका रांगेतल्या सहा सिलिंडरांचे टर्बो पेट्रोल इंजिन, ३८७ अश्वशक्ती, चारही चाकांना ताकद, आणि शून्यापासून शंभरपर्यंत ४.४ सेकंद. मार्च २०२१ मध्ये ही गाडी भारतात आली तेव्हा तिची शोरूम किंमत ६२.९० लाख होती. आतापर्यंत ५१ हजार किलोमीटर झाले आणि तिने मला एकदाही रस्त्यात उभे केलेले नाही. वाढवून घेतलेली वॉरंटी दिवाळीत संपते, आणि घरात वडिलांपासून मेहुण्यापर्यंत सगळ्यांचे एकच म्हणणे आहे की त्याआधी गाडी काढून टाक.

मला ते पटत नाही. अशा गाडीची किंमत सगळ्यात जोरात घसरते ती पहिल्या तीन-चार वर्षांत, आणि ती घसरण मी सोसून झालेली आहे. आता विकली तर तोटा माझा आणि पुढच्या पाच वर्षांची मजा दुसऱ्याची, असा हा व्यवहार होईल. शिवाय सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन या किमतीत पुन्हा मिळेल अशी लक्षणे दिसत नाहीत. ज्यांचे मत वेगळे आहे त्यांनी ते कारणांसह मांडावे, ही विनंती.

रावपुऱ्याचा हिशेबनीस
अकोटेकर साहेब, घसरण सोसून झाली हे तुमचे वाक्य अर्धेच खरे आहे. गाडीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. दिव्याचा संच गाडी नवी असताना जेवढ्याचा होता तेवढ्याचाच, किंबहुना थोडा महागच, पाचव्या वर्षी मिळतो. या दोन आकड्यांमधले अंतर दरवर्षी तुमच्या विरुद्ध वाढत जाते.

याचा परिणाम विम्यात कसा दिसतो ते पाहा. चार वर्षे पूर्ण झाल्यावर पाचव्या वर्षासाठी विम्याची घोषित किंमत, म्हणजे गाडी पूर्ण गेली तर विमा कंपनी जी धरते ती, ५० टक्के घसारा धरून काढली जाते. शोरूम किंमत ६२.९० लाखच धरली तर ती ३१.४५ लाख होते. दुरुस्तीचा खर्च घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण नष्ट झाली असे मानले जाते, म्हणजे तुमच्यासाठी ती रेषा साधारण साडेतेवीस लाखांवर आली. नव्या गाडीला जो अपघात 'मोठी दुरुस्ती' ठरला असता, तोच तुमच्या गाडीला भंगारात पाठवू शकतो. त्यात शून्य घसाऱ्याचे कलम, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापता पैसे देणारे, काढून टाकले असेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मे पैसे खिशातून जातात, आणि आजच्या गाडीत पुढच्या बाजूला प्लास्टिकशिवाय असते काय?

आणखी एक, जरा खवचट वाटेल. २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे द्रुतगती मार्गावरही मोटारीला १२० च्या वर जाता येत नाही. बडोद्याहून अहमदाबादपर्यंतचा आपला द्रुतगती मार्ग ९३ किलोमीटरचा. ३८७ पैकी किती घोडे तुम्ही खरोखर जुंपता?

मकरपुऱ्याचा गॅरेजवाला
हिशेबनीस साहेबांचा विम्याचा हिशेब बिनचूक आहे, परंतु घोड्यांचा नाही. ताकद कमाल वेगासाठी नसते. ८० वरून ११० वर जाऊन ट्रेलर ओलांडायला किती वेळ उजव्या बाजूला राहावे लागते, यासाठी असते.

माझा अनुभव असा की या गाड्या वॉरंटी संपल्यामुळे बिघडत नाहीत. वॉरंटीच्या काळात मालकाला जी सवय लागते, तिच्यामुळे बिघडतात. पडद्यावर सूचना येईपर्यंत बॉनेट उघडायचे नाही, ही ती सवय. गाडीचा संगणक ऑइल बदलण्याची जी मुदत देतो ती आपल्या मे महिन्यात आणि अलकापुरीच्या गर्दीत टर्बो तापवत चालणाऱ्या इंजिनाला फार लांब पडते. मी दहा हजारांच्या आत बदलायला सांगतो. आठ गियरच्या ऑटोमॅटिक पेटीचे तेल 'आयुष्यभरासाठी' भरलेले असते असे गाडीवाले सांगतात, पण पेटी बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ते ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगते. तुमचे आयुष्य आणि पेटीचे आयुष्य यात फरक आहे, एवढे ध्यानात ठेवा.

खरा शत्रू म्हणजे उष्णता. मागच्या उन्हाळ्यात एक सहा वर्षांची सेडान आली होती, कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. इंजिन थंड ठेवणारे कूलंटचे पाणी थोडे थोडे कमी होत होते, खाली थेंबही दिसत नव्हता. इंजिनाच्या मागच्या अंगाला प्लास्टिकची एक जोडणी होती. ती सोडवायला बोट लावले आणि ती खारी बिस्किटासारखी हातात चुरगळली. तुकडा लहानसाच, पण तो महामार्गावर सुटला असता तर तापून इंजिनाचे डोके (सिलिंडर हेड) वाकले असते. असे भाग फुटायची वाट न पाहता पाच-सहा वर्षांनी बदलून टाकावेत.

नवी बॅटरी बसवल्यावर तिची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते, नाहीतर ती जुन्या बॅटरीच्या हिशेबाने चार्ज होत राहते आणि लवकर मरते. तुमच्या गाडीची मागची चाके पुढच्यांपेक्षा रुंद आहेत, त्यामुळे टायर पुढे-मागे फिरवता येत नाहीत. कितीतरी लोक पैसे वाचवायला एकच टायर नवा घालतात आणि चारही चाकांना ताकद देणाऱ्या यंत्रणेवर विनाकारण ताण आणतात. गाडी ठेवायची तर चौकसपणे ठेवा, नाहीतर आजच विका.

समा रहिवासी
आपण सगळे ऑइल आणि घसाऱ्यावर बोलत आहोत आणि गावाचे नाव विसरलो आहोत. बडोद्यात गाडी ठेवायची म्हणजे विश्वामित्री नदीचा पूर धरूनच विचार केला पाहिजे. ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या सोसायटीच्या तळघरात पाणी शिरले तेव्हा रात्र होती. माझी गाडी उतारावर, दोन पायऱ्या वर होती. शेजाऱ्यांची खाली होती. सकाळी पाणी बॉनेटच्या चिन्हापर्यंत होते आणि आतला दिवा मंद पेटलेला दिसत होता. पाणी ओसरल्यावर त्यांच्या मुलाने घाईने बटण दाबले. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पाणी दाबले जात नाही, आणि पिस्टनचा दांडा वाकतो. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत हे नुकसान सहसा नाकारले जाते. इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम लागते, तेही अटी वाचून.

त्यात वाचलेल्या गाडीचेही खरे हाल पुढे असतात. गालिच्याखालच्या वायरी आणि लहान संगणक हळूहळू गंजतात, आणि आठ महिन्यांनी एखादी काच आपोआप खाली उतरते. वॉरंटी असती तरी यातले काहीही तिच्यात बसत नाही. म्हणून माझे मत असे की तळघरात लावावी लागणारी महाग गाडी या शहरात ठेवूच नये, मग वॉरंटी असो वा नसो. साधी हॅचबॅक बुडाली तर माणूस हळहळतो. ही बुडाली तर घरातली झोप जाते.

फतेहगंजची ताई
एक छोटा मुद्दा. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर मायलेज थोडे उतरणारच. ते बिघाडाचे लक्षण समजून वर्कशॉपात धावू नये.

मकरपुऱ्याचा गॅरेजवाला
ताई, अगदी बरोबर. मात्र गाडीला किती इथेनॉल चालते याबद्दल इंधनाच्या झाकणाच्या आत काय छापले आहे ते प्रत्येकाने एकदा तरी वाचावे. दहातल्या नऊ मालकांनी ते वाचलेले नसते.

अकोटेकर
सर्वांचे आभार. ७५ टक्क्यांची रेषा मी कधी काढून पाहिली नव्हती, ते कबूल करतो. तरीही गाडी विकत नाही. इंजिन संरक्षण आणि शून्य घसारा ही दोन्ही कलमे घेईन, आणि नवीन गाडीचा हप्ता जेवढा आला असता त्याच्या एक तृतीयांश रक्कम दर महिन्याला फक्त या गाडीसाठी वेगळ्या खात्यात टाकेन. जून ते सप्टेंबर गाडी सासऱ्यांकडे उंचावर राहील. त्यांच्याकडे पाणी कधी आलेले नाही.

रावपुऱ्याचा हिशेबनीस
म्हणजे ऐन पावसाळ्याचे चार महिने तुम्ही ती चालवणारच नाही. मग मजेचा हिशेब बारा महिन्यांचा नव्हे, आठ महिन्यांचा धरा. आणि खात्याचे पासबुक पुढच्या दिवाळीत इथे दाखवा.

समा रहिवासी
सासऱ्यांना विचारले आहे ना?