मदत हवी आहे: ४० फुटी अँटेनाचा खांब, पण ताण (आधाराच्या तारा) बांधायला जागा नाही

नमस्कार मंडळी. गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं कणकुंबीच्या वाटेवर. मोबाइलची रेंज तुळशीपाशी एक कांडी, घरात शून्य. मेव्हण्याच्या गावात फायबर आलंय, सरळ अंतर ४ किलोमीटर. दोन्हीकडं ५ गिगाहर्ट्झच्या डिश लावून नेट आणायचंय. हा पट्टा २०१८ पासून विनापरवाना वापरता येतो. मोबाइलची रेंज वाढवणारा बूस्टर सुचवू नका, तो परवान्याशिवाय बेकायदा आहे.

गेल्या वर्षी वेल्डरनं दोन इंची जीआय पाइपचे २० फुटी दोन तुकडे सॉकेटनं जोडून उभे केले, मधोमध ताणांचा एकच फेर. आषाढातल्या वाऱ्यात खांब बरोबर सॉकेटवर मोडला. आटे पाडले तिथं पाइप पातळ झालेला, जस्त गेलेलं, गंज धरलेला. नशीब, डिश उकिरड्यात पडली. कौलं फुटली असती तर आईनं पुन्हा नेटचं नाव काढू दिलं नसतं.

आता अडचण अशी, की पूर्वेला शेजाऱ्यांची काजूची बाग. तिकडं खांबापासून जेमतेम ९ फूट जागा. वेल्डर म्हणतो, काजूच्या बुंध्याला ताण बांधू. बांधू का? की तीन पायांचा जाळीचा टॉवरच करू? मिरगाच्या आत उरकायचंय.

प्रतिसाद: झाडाला ताण? नको राव! झाड डुललं की तार एकदा ढिली, एकदा कडक. ताणाची तार जमिनीत अडकवायचा खुंट खांबापासून उंचीच्या निदान ६० टक्के अंतरावर हवा, म्हणजे ४० फुटाला २४ फूट. ९ फुटावर तार जवळजवळ उभीच येते, वारा पेलायचा सोडून खांबालाच खाली दाबते. जाळीच्या टॉवरला ताण लागत नाहीत, पण पायाचं काँक्रीट खर्चात घालतं. त्यापेक्षा खांब परसात न्या, डिशपासून घरात येणारी लॅनची केबल १०० मीटर चालते. सॉकेट विसरा. दोन इंचीत दीड इंची पाइप दोन-अडीच फूट आत घाला, आरपार बोल्ट मारा. ताणांचे दोन फेर, प्रत्येकी तीन तारा, १२० अंशांवर. अर्थिंग वेगळं घ्या, वळवाच्या विजा तुम्हाला सांगायला नकोत.

पण ४० फूट कसे काढलेत?

धागाकर्ता: मेव्हण्यानं रात्री गच्चीवर बॅटरी धरली. मी फणसावर चढलो, तिथनं दिसली.

प्रतिसाद: नुसतं दिसून भागत नाही, रेडिओलहरी सरळ रेषेच्या आजूबाजूलाही पसरून जातात. ४ किलोमीटरला मधोमध त्या रेषेखाली साडेचार मीटर तरी मोकळं हवं. मध्ये काय आहे?

धागाकर्ता: टेक. वर जांभळी आहेत, उजेड त्यांच्या शेंड्यातनंच येत होता. टेकाची पड जमीन आमच्याच भावकीची आहे. तिथं १५ फुटी खांबावर डिश लावून सिग्नल पुढं पाठवायचा मधला टप्पा केला तर? लाइट नाही, सोलर लावावं लागेल.

प्रतिसाद: आषाढात तुमच्याकडं सलग दोन दिवस ऊन पडलेलं शेवटचं कधी बघितलंत? टेकाजवळ कुणाच्या विहिरीवर मोटारीचं कनेक्शन आहे का, ते आधी बघून या.